विचारा तर खरं: घरचा गेम कन्सोल आणि त्याची हट्टी बटणं

मागच्या वेळी मी बोलता बोलता लिहून गेले की जुन्या स्टाइलचा, हातात धरून खेळायचा गेम कन्सोल घरी बनवता येतो. आत रास्पबेरी पाय झीरोसारखा एखादा छोटा कॉम्प्युटर, पुढे स्क्रीन, मागे बॅटरी, आणि बटणांसाठी आपणच डिझाइन करून मागवलेला सर्किट बोर्ड. बस्स, एवढंच लिहिलं होतं आणि प्रश्नांची रांग लागली. प्रोसेसर कुठला घेऊ असं विचारणारे अगदी मोजके, बाकी सगळे बटणांनी गांजलेले. मला नवल नाही वाटलं, स्क्रीन आणि प्रोसेसर तयार मिळतात पण अंगठ्याला बरं वाटेल असं बटण आपल्यालाच खटपट करून जमवावं लागतं. म्हणून आज बटणंच जास्त, बाकीचं जाता जाता.

प्रश्न: ताई, लावायची आहेत बारा बटणं, त्यासाठी वेगळा बोर्ड बनवून घ्यायची खरंच गरज आहे का? साध्या भोकांच्या बोर्डवर टॅक्ट स्विच (ती कटकन वाजणारी छोटी तयार बटणं) बसवून वायरी जोडल्या तर नाही का चालणार?

उत्तर: चालेल की, न चालायला काय झालं. माझा पहिला कन्सोल तसाच होता, सहा बाय सहा मिलिमीटरचे टॅक्ट स्विच, प्रत्येकाच्या वायरी, आणि झाकण लावायची वेळ आली की त्या वायरी सगळीकडून बाहेर डोकवायच्या, ठासून भरलेल्या बॅगेवर बसून चेन लावतात तसं झाकण लावायला लागायचं. खेळता यायचं, पण पंधरा मिनिटांत अंगठा दुखायला लागायचा आणि रात्री खोलीत दुसरं कुणी झोपलेलं असेल तर त्या टिकटिक टिकटिकने त्याचं डोकं उठायचं. टॅक्ट स्विच खाली जातो जेमतेम पाव मिलिमीटर, कटकन बसतो आणि पुढे एकदम भिंत.

निन्टेंडो कंपनीचा १९८९ सालचा हातातला कन्सोल, गेम बॉय, उघडून बघितलात तर आत टॅक्ट स्विच दिसणार नाहीत. प्लास्टिकच्या बटणाखाली रबराचं पॅड असतं, त्याचा छोटासा घुमट असतो आणि घुमटाच्या पोटात एक काळी टिकली, कार्बन मिसळलेल्या रबराची. तिच्या बरोब्बर खाली बोर्डवर दोन बारीक कंगवे एकमेकांत दात घालून बसवलेले असतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. बटण दाबलं की घुमट दबतो, टिकली दोन्ही कंगव्यांवर टेकते आणि सर्किट पूर्ण होतं, सोडलं की रबर आपोआप वर येतं. मऊ, बिनआवाजी, आणि अंगठ्याला कुठे खाली टेकलं ते हळूच कळतं. हे कंगवे भोकांच्या बोर्डवर जमत नाहीत, त्यांना सपाट पृष्ठभाग आणि अगदी सारखी फट लागते, म्हणून बोर्ड मागवायचा. मी साधारण ०.३ मिलिमीटरचा दात आणि तेवढीच फट ठेवते, बोर्ड बनवणाऱ्यांना ते सहज जमतं आणि टिकली जरा तिरकी टेकली तरी दोन्हीकडच्या दातांना लागतेच. कंगव्याचं वर्तुळ टिकलीपेक्षा थोडं मोठं ठेवा, टिकली व्हर्नियरने मोजा, डोळ्याने नको.

आणि मागवण्याआधी एक काम करा, हात जोडून सांगते. डिझाइन खऱ्या मापात कागदावर प्रिंट करा (प्रिंटर गुपचूप पानात बसवायला जातो आणि सगळं बारीक करतो, पट्टी लावून तपासा), पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, आणि हातात धरून दहा मिनिटं नुसते बसा. घरचे हसतील, हसू देत. माझ्या डिझाइनमध्ये ए आणि बी बटणं एका आडव्या रेषेत होती, कॉम्प्युटरवर काय झकास दिसत होती, पण पुठ्ठा हातात धरल्यावर कळलं की अंगठा मुळात आडवा सरकतच नाही, तो कंपासच्या टोकासारखा तिरका फिरतो. गेम बॉयची ए आणि बी तिरकी का बसवलेली होती ते मला त्या पुठ्ठ्याने शिकवलं.

प्रश्न: कीकॅडमध्ये (बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) कंगवे काढले, फाइल पाठवली, बोर्ड मस्त हिरवेगार चकचकीत आले. रबर पॅड ठेवून दाबून बघितलं तर एकही बटण चालेना. मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकाच कंगव्यावर ठेवली तरी बीप नाही! बनवणाऱ्यांनी फसवलं का?

उत्तर: नाही हो, त्यांनी तुम्ही सांगितलं तेवढंच इमानदारीत केलं. तुमचे कंगवे आहेत जागेवर, पण त्या हिरव्या रंगाखाली गाडले गेलेत. तो हिरवा थर म्हणजे सोल्डर मास्क, सगळ्या बोर्डवर असतो, आणि जिथे तांबं उघडं हवं तिथे तो नको असं आपण सांगायचं असतं. सॉफ्टवेअरमधलं रेडिमेड तांब्याचं पॅड वापरलं तर कीकॅड ते आपोआप सांगतं, पण तुम्ही कंगवे साध्या ट्रॅकने काढले असणार, आणि ट्रॅक म्हणजे वायर, ती झाकूनच ठेवायची असते असं सॉफ्टवेअर धरून चालतं. पुढच्या वेळी मास्कच्या लेयरवर कंगव्यांच्या जागी एक अख्खं गोल काढा म्हणजे तेवढा भाग उघडा राहील. दातांच्या मधल्या फटीतही मास्क नको, नाहीतर टिकली त्या मास्कवरच टेकून बसते.

आत्ता हातात असलेले बोर्ड फेकू नका. फायबर ग्लासचं पेन किंवा ब्लेडची बोथट बाजू घेऊन एका बटणापुरता मास्क हळूहळू खरवडा, तांबं दिसायला लागलं की थांबा, जोर लावलात तर अख्खा दात निघून येईल. (ग्लासच्या पेनची कुसळं बोटात जातात, हातमोजे घाला.) चार दिशा आणि दोन बटणं एवढं खरवडून डिझाइन खेळून बघता येतं. पण खरवडलेलं तांबं काळं पडतं, त्यामुळे हे टेस्टिंगपुरतंच, काही आठवड्यांनी बटणं परत रुसणार.

प्रश्न: बोर्ड मागवताना वरचं फिनिश विचारतात, एक स्वस्त आणि एक सोन्याचं. गेमच्या बटणांना सोनं? जरा अतीच नाही का होत?

उत्तर: ऐकायला थाटाचं वाटतं पण इथे कामाचं आहे. स्वस्तातलं फिनिश म्हणजे सरळ सरळ कल्हई. पितळेच्या भांड्याला करतात तशीच, बोर्ड वितळलेल्या कथिलात बुडवायचा आणि गरम हवेने जास्तीचं उडवून लावायचं. सोल्डर मारायला झकास, पण थर सगळीकडे सारखा बसत नाही, दातांवर छोटे उंचवटे राहतात आणि रबराची टिकली त्या उंचवट्यांवरच टेकते, शिवाय कथिलाला वरून हवा लागत राहते. सोन्याच्या फिनिशमध्ये तांब्यावर आधी निकेल आणि त्यावर मायक्रॉनच्याही छोट्याशा भागाइतकं सोनं असतं, दागिना होण्याइतकं नाही, पण पृष्ठभाग सपाट राहतो आणि गंजत नाही. तिसरा प्रकार म्हणजे कार्बनची शाई, टीव्हीच्या जुन्या रिमोटमध्ये काळे पट्टे दिसतात ना तीच. ती पण छान चालते फक्त थोडेसे बोर्ड करायचे असतील तर सगळेजण करून देत नाहीत. पहिला बोर्ड कल्हईवर मागवा कारण पहिल्यात चूक होणारच आहे, सोनं दुसऱ्याला.

प्रश्न: डावीकडे दाबलं की माणूस उजवीकडे पळतो, ए दाबलं की बी चालतं, आणि वर-खाली मात्र एकदम बरोबर. वायरी दहा वेळा तपासल्या.

उत्तर: वायरींचा दोष नाही, बोर्ड आरशात गेलाय. हे मला इतक्या खात्रीने सांगता येतंय कारण मी स्वतः हेच करून बसलेय. झालं असं की मी कनेक्टर आणि रेझिस्टर पुढच्या लेयरवर ठेवून आरामात डिझाइन केलं, शेवटी लक्षात आलं की पुढे तर रबर पॅड आहेत, कनेक्टरला जागाच नाही. मग काय, सगळं मागच्या बाजूला पलटवलं, आणि पलटवताना कंगवे पण सिलेक्ट झालेले होते. वर-खाली तसंच राहिलं म्हणून संशयही आला नाही. बोर्ड आले तेव्हा मी अर्धा तास सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते.

उपाय सोपा आहे, सॉफ्टवेअरमध्ये डावं उजवं आणि ए बी अदलाबदल करून टाका, खेळताना कुणालाही कळणार नाही. फक्त स्क्रूची भोकं आणि कनेक्टर केसमध्ये बसतायत ना बघा, बसत असतील तर तुम्ही वाचलात. माझी बसली नव्हती. आता मी प्रत्येक बोर्डच्या पुढच्या बाजूला छापील अक्षरात 'अंगठा इकडे' असं लिहूनच ठेवते आणि थ्रीडी व्ह्यूमध्ये ते सुलटं वाचता आलं तरच फाइल पाठवते.

प्रश्न: बाराच्या बारा बटणं रास्पबेरी पायच्या पिनांना थेट जोडली आहेत, दुसरीकडून सगळी ग्राउंडला. दहा व्यवस्थित चालतात, दोन अजिबात नाही, खूप जोरात दाबली तर कधीकधी चालतात. त्या दोघांचे कंगवे स्वच्छ आहेत, पॅडही बदलून पाहिलं. दोन्ही जीपीआयओ २ आणि ३ या नंबरांच्या पिनांवर आहेत, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर: संबंध शंभर टक्के आहे, आणि तुम्ही पिनांचे नंबर लिहिलेत म्हणून बरं झालं नाहीतर मी पण पॅडच पुसायला सांगितलं असतं. बटण सुटलेलं असताना पिन ३.३ व्होल्टवर राहावी म्हणून एक पुल-अप रेझिस्टर लागतो. पायच्या बाकीच्या पिनांना आतला पुल-अप आहे, साधारण ५० किलो-ओहमचा, सॉफ्टवेअरने चालू करायचा. पण जीपीआयओ २ आणि ३ या आयटूसीच्या, म्हणजे दोन वायरींवरून दुसऱ्या चिपशी बोलायच्या पिना आहेत, त्यांना बोर्डवरच १.८ किलो-ओहमचे पक्के रेझिस्टर लावलेले आहेत, ते बंद करता येत नाहीत. आता आपली कार्बनची टिकली ही काही धातूची वायर नाही, दाबल्यावर तिच्यातही शंभर ओहमपासून हजार ओहमपर्यंत रेझिस्टन्स सहज राहतो. समजा हजार आहे. बाकीच्या पिनांवर हजार विरुद्ध पन्नास हजार, पिन उतरते ०.०७ व्होल्टच्याही खाली, पायला लगेच कळतं. तुमच्या या दोन पिनांवर मात्र हजार विरुद्ध अठराशे, पिन अडकते १.२ व्होल्टच्या आसपास, आणि पायला पक्कं 'दाबलं' कळायला ०.८ च्या खाली जायला लागतं. जोरात दाबलं की टिकली जास्त पसरते, रेझिस्टन्स कमी होतो, म्हणून कधीकधी चालतं. सगळं जुळतंय बघा.

तर ती दोन बटणं दुसऱ्या पिनांवर न्या. आणि जीपीआयओ ३ मोकळी झालीच आहे तर तिथे एक धातूचा टॅक्ट स्विच लावा, कारण शटडाऊन झालेला पाय ही पिन ग्राउंडला टेकवली की पुन्हा जागा होतो, म्हणजे फुकटात पॉवर बटण मिळालं.

प्रश्न: वर दाबलं तर बऱ्याचदा वर-डावं जातं. कोडी सोडवायच्या गेममध्ये तर वैताग येतो.

उत्तर: प्लस आकाराच्या बटणाची सगळी गंमत त्याच्या मध्यात असते. हा प्लस निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांचा, १९८२ च्या डॉन्की काँगच्या गेम अँड वॉचवर (निन्टेंडोचा हातातला छोटा गेम) आला. बटण मधोमध एका छोट्या उंचवट्यावर तोललेलं असतं, सी-सॉ सारखं, एक बाजू खाली गेली की समोरची वर उचलली जातेच. थ्रीडी प्रिंट केलेल्या बटणात लोक हा उंचवटा विसरतात किंवा बुटका ठेवतात, मग अख्खा प्लस सपाट खाली बसतो आणि शेजारचं पॅडही दाबलं जातं.

तपासायचं कसं? बटणं दाखवणारा एखादा टेस्ट प्रोग्राम चालू करा आणि प्लसच्या बरोब्बर मध्यावर दाबा. काहीच लागायला नको. दोन-तीन दिशा एकदम लागल्या तर उंचवटा कमी पडतोय. जाड कागदाच्या छोट्या चकत्या कापून मध्याखाली एकेक चिकटवत जा, एका चकतीने सुद्धा फरक कळतो, आणि मध्यावर दाबून काही लागेना झालं की मोजून तेवढी उंची प्रिंटच्या फाइलमध्ये वाढवा. मग अंगठा गोल फिरवा, वर, वर-उजवं, उजवं, असं क्रमाने दिसलं पाहिजे, मध्ये उडी नको. हे सगळं करूनही डावंच लागत असेल तर त्या बाजूला केसचं भोक घासतंय का बघा, बटण आणि भोक यांच्यात चारी बाजूंनी ०.३ मिलिमीटर तरी मोकळं हवं.

प्रश्न: एकदा उडी मारली की दोनदा उडी मारतो. टॅक्ट स्विच आहेत.

उत्तर: धातूचे काँटॅक्ट टेकताना किंचित नाचतात, काही मिलिसेकंद चालू-बंद-चालू होतं आणि कॉम्प्युटर इतका चपळ की त्याला ते दोन वेळा दाबल्यासारखं दिसतं. सॉफ्टवेअरला सांगा की बटणाची स्थिती बदलली की पुढचे पाच मिलिसेकंद त्याच्याकडे बघू नको. काही जण घाबरून पन्नास ठेवतात, तसं करू नका, सेकंदाला ६० चित्रं धरली तर एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, म्हणजे पन्नासमध्ये तीन चित्रं निघून जातात. बटण पटापट दाबायचं असेल तेव्हा हातच बांधल्यासारखे होतात.

प्रश्न: ३२० बाय २४० ची एसपीआय स्क्रीन लावली आहे. चित्र अडखळतं, आणि अक्षरं कुठे जाड कुठे बारीक दिसतात. प्रोसेसर कमी पडतोय का? पाय झीरो २ डब्ल्यू आहे.

उत्तर: झीरो २ डब्ल्यूला चार कोर आहेत, त्याच्यावर आळ घेऊ नका. एसपीआय म्हणजे एकाच वायरीवरून एकामागे एक बिट. ३२० गुणिले २४० गुणिले १६ बिट, म्हणजे एका चित्राला बारा लाखांहून जास्त बिट. एसपीआयचा वेग ४० मेगाहर्ट्झ धरला तर सेकंदाला फार तर ३२ चित्रं जातात, ६० हवी असतील तर जवळजवळ ७४ मेगाहर्ट्झ लागेल. बदललेले पिक्सेल तेवढेच पाठवणारे ड्रायव्हर मिळतात, त्याने पुष्कळ सुधारतं, कारण जुन्या गेममध्ये अर्धा पडदा बऱ्याचदा स्थिरच असतो.

अक्षरांचं कारण वेगळं आहे. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४. दुप्पट केला तर ३२० बाय २८८, तो तुमच्या २४० मध्ये मावत नाही, मग सॉफ्टवेअर त्याला दीड-पावणेदोन पट असं काहीतरी ओढूनताणून बसवतं आणि कुठला पिक्सेल दोन होतो, कुठला एकच राहतो. स्क्रीन घेण्याआधी हा गुणाकार करा. गेम बॉय अॅडव्हान्सचा पडदा २४० बाय १६०, आणि ४८० बाय ३२० ची स्क्रीन घेतलीत तर तो बरोब्बर दुप्पट बसतो, एक रेघ वाया नाही, गेम बॉयही त्यात दुप्पट मावतो, कडेला काळी पट्टी राहील एवढंच.

वेगच हवा असेल तर डीपीआय स्क्रीन घ्या, तिच्यात रंगाचे सगळे बिट वेगवेगळ्या वायरींवरून एकदम जातात, पण ती १८ बिट रंगाला २२ पिना खाते, पायकडे आहेत २८, उरल्या सहा आणि बटणं बारा. शिवाय आयटूसीच्या पिनाही तीच घेते. मग बटणांच्या बोर्डवरच एक छोटा कंट्रोलर, आरपी२०४० किंवा एटीमेगा ३२यू४, बसवायचा आणि तो यूएसबी कीबोर्ड बनून पायला जोडायचा. मला हीच रचना सगळ्यात आवडते कारण बटणांचा बोर्ड नुसता लॅपटॉपला लावूनही तपासता येतो, बाकीचा कन्सोल तयार नसला तरी.

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे, हे सगळं तो करतोय आणि मला कौतुक आहे, पण ती लिथियम बॅटरी बघून मला धडकी भरते. शिवाय तो म्हणतो २००० एमएएचची बॅटरी असूनही अडीच तासच चालतो, म्हणून त्याला जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून लावायचेत. काय करू?

उत्तर: ताई, जुने सेल नाही म्हणजे नाही, यावर वाद नको. किती वापरले गेलेत, आत काय झालंय, काहीच कळत नाही आणि सोलून काढताना शॉर्ट व्हायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. नवी, आत प्रोटेक्शन सर्किट असलेलीच बॅटरी घ्या.

अडीच तास बरोबरच आहे. २००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७.४ वॉट-अवर, ते ५ व्होल्टवर चढवताना दीड टक्का-दोन टक्के नाही, पंधरा टक्क्यांच्या आसपास वाया जातात, उरले ६.३. पाय, स्क्रीन, आवाज मिळून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॉट धरले तर अडीच तासच. मोठी बॅटरी घेण्याआधी स्क्रीनचा उजेड कमी करायला सांगा आणि वायफाय बंद करायला.

आता त्याला हे तीन प्रश्न विचारा, उत्तरं आली तर निर्धास्त राहा. चार्जिंगचं मॉड्यूल टीपी४०५६ चिपचं असेल तर ते बहुतेक १ अँपिअरवर सेट असतं, बॅटरी ५०० एमएएचची छोटी असेल तर तो फार होतो, त्यावरचा १.२ किलो-ओहमचा रेझिस्टर बदलून मोठा लावायला लागतो, हे त्याला माहीत आहे का? बॅटरीच्या कनेक्टरचा प्लस-मायनस मल्टिमीटरने बघितला का, कारण सगळे विकणारे एकाच बाजूला प्लस ठेवत नाहीत, लाल वायर बघून विश्वास ठेवायचा नाही. आणि चार्जिंग चालू असताना तो खेळतो का? कारण या चिपला बॅटरी भरली हे करंट एका मर्यादेखाली उतरल्यावर कळतं, आणि कन्सोल तेव्हाच करंट ओढत असेल तर तो कधी उतरतच नाही, ती भरतच बसते. खेळत चार्ज करायचं असेल तर दोन्ही वाटा वेगळ्या ठेवणारी पॉवर-पाथवाली चिप लागते. तोपर्यंत चार्जिंग म्हणजे कन्सोल बंद, आणि चार्जिंग कुणीतरी जागं असताना. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबून किंवा टोचून बघायची नाही, बाजूला काढायची आणि ई-कचऱ्यात द्यायची.

प्रश्न: स्पीकरमधून सतत झ्झ्झ आवाज. स्क्रीनवर चित्र बदललं की आवाजही बदलतो!

उत्तर: म्हणजे तुमचा अँप्लिफायर स्क्रीनची चाहूल ऐकतोय. दोघांना करंट एकाच बारीक वायरीतून मिळतोय, स्क्रीनने ओढला की अँपचा व्होल्टेज डुलतो. अँपची प्लस आणि ग्राउंड वायर थेट ५ व्होल्टच्या बोर्डपासून वेगळी न्या, अँपच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवा. तरीही राहिला तर पिनांवरून काढलेला कच्चा आवाज सोडून आयटूएसवर चालणारा अँप घ्या, त्यात आवाज आकड्यांत जातो, वाटेत खरखर चिकटत नाही.

प्रश्न: गेम कुठून आणायचे? सगळे म्हणतात डाउनलोड कर.

उत्तर: जुना गेम म्हणजे बेवारस गेम नव्हे, कॉपीराइट बहुतेकांवर अजून जिवंत आहे. स्वतःच्या कार्ट्रिजमधून कॉपी काढून घेणारी यंत्रं मिळतात, कायद्याचं तुमच्या इथे काय आहे ते बघून घ्या. आणि आजही हौशी लोक गेम बॉयसाठी नवे गेम लिहून मोकळेपणाने वाटतात, त्यातले काही इतके सुरेख आहेत की मला मूळच्या काही गेमांपेक्षा तेच जास्त आवडतात.

प्रश्न: मागची एल आणि आर बटणं महिन्याभरात उखडून हातात आली, तांब्याच्या पॅडसकट. परत सोल्डर करू कशावर?

उत्तर: पॅडच गेलं असेल तर ट्रॅक थोडा खरवडून त्यावर बारीक वायर टाका, दिसायला गबाळं पण चालतं, वर एपॉक्सीचा थेंब. पण मूळ दुखणं असं की ती बटणं बोर्डच्या काठावर आडवी लावलीत, बोट दाबतं ते स्विचला बोर्डवरून ढकलून काढायच्या दिशेनेच, आणि नुसत्या वरून चिकटवलेल्या पॅडमध्ये तेवढा दम नसतो. पुढच्या बोर्डला पाय आरपार जाणारे, बाजूला दोन आधाराच्या खुंट्या असलेले आडवे स्विच घ्या. आणि केसमध्ये आतून प्रत्येक स्विचच्या पाठीला टेकणारी एक छोटी भिंत प्रिंट करा म्हणजे बोटाचा जोर प्लास्टिकवर जाईल. बाहेरून बटणाला पण एक थांबा ठेवा, स्विच कटकन वाजल्यावर बटण अजून फार तर ०.२ मिलिमीटर सरकेल इतपतच. गेमच्या शेवटच्या राक्षसाशी भिडलेला माणूस किती जोरात दाबतो ते मी घरात रोज बघते.